हातातून सुटलेली आग

२०२० साल उजाडलं तेव्हा जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहराच्या प्राणिसंग्रहालयातलं माकडघर जळत होतं. ऑरंगउटान, चिंपांझी, मार्मोसेट, युरोपातल्या सर्वांत वयस्क गोरिलांपैकी एक असलेला ‘मासा’ नावाचा गोरिला, असे तीसहून अधिक प्राणी त्या आगीत मेले. बॅली आणि लिंबो हे दोन चिंपांझी तेवढे वाचले. एका आईने आणि तिच्या दोन मुलींनी नव्या वर्षाच्या स्वागताला सोडलेल्या उडत्या कंदिलाने ही आग लागली होती. बातमी कळताच त्या आपणहून पोलिसांकडे गेल्या. ऑनलाइन मागवलेली वस्तू बेकायदा असेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्या प्रांतात अशा कंदिलांवर २००९ पासूनच बंदी होती. तिघींपैकी कोणालाच कुणाचं वाईट करायचं नव्हतं, आणि मला तेच जास्त अस्वस्थ करतं.

या कंदिलाची रचना अगदी साधी. पातळ कागदाची पिशवी, खाली बांबूची किंवा तारेची कडी आणि मधोमध मेणात भिजवलेली वडी. वडी पेटली की आतली हवा तापून हलकी होते आणि कंदील वर जातो. वडी विझली, हवा निवली, की तो खाली येतो. विक्रेते एवढंच सांगतात. पण वाऱ्याचा झोत आला तर कंदील कलतो, ज्योत कागदाला लागते आणि तो पेटलेलाच खाली कोसळतो. झाडात किंवा विजेच्या तारांत अडकला, तर वडी तिथेच जळत राहते. कागदाला आग-रोधक लेप असला तरी खालची ज्योत उघडीच असते. तो कुठे उतरणार, हे सोडणाऱ्याच्या हातात नसतं.

इंग्लंडमध्ये स्मेथिक इथे जून २०१३ च्या अखेरच्या रात्री पुनर्वापराच्या प्लास्टिकच्या ढिगावर असाच एक कंदील उतरला. सीसीटीव्हीत तो स्पष्ट दिसला. सुमारे एक लाख टन माल पेटला आणि दोनशेहून अधिक जवान आगीशी झुंजले. विझलेला कंदीलही निरुपद्रवी नसतो. त्याची तार चाऱ्यात मिसळून गुरांच्या पोटात जाऊ शकते. थायलंडमध्ये चिआंग माईच्या यी पेंग सणात तर कंदिलांमुळे विमानांची उड्डाणं रद्द करावी लागतात किंवा त्यांच्या वेळा बदलाव्या लागतात.

‘मोकळ्या मैदानात, वारा नसताना सोडा’ हा सल्ला मला म्हणूनच अपुरा वाटतो. जमिनीवर वारा पडलेला असला तरी वर तो वाहत असू शकतो, आणि मैदान संपलं की वस्ती लागते. मुंबईत इमारतींच्या बांधकामाला हिरवी जाळी आणि बांबूच्या परांच्या, चाळींवर ताडपत्र्या, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. गावाकडे कडब्याच्या गंज्या आणि वाळलेलं गवत. दिवाळीच्या तोंडावर मुंबई पोलिसांनी या कंदिलांच्या विक्रीला आणि वापराला मनाई करणारे आदेश वेळोवेळी काढले आहेत. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत, आता त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे. पण असे आदेश ठरावीक मुदतीचे असतात. मुदत संपली की लग्नं आणि वाढदिवस उरतातच. विक्रीवर कायमची बंदी हवी, आणि ती ऑनलाइन दुकानांनाही लागू हवी. क्रेफेल्डमध्ये वापरावर बंदी असूनही कंदील घरपोच आलाच होता.

तोवर सणासुदीत गच्चीवर पुठ्ठे, भुसा, जुन्या गाद्या ठेवू नयेत. पेटता कंदील इमारतीवर उतरताना दिसला तर तो विझेल म्हणून वाट पाहू नये. लगेच १०१ वर फोन करावा. तारांत अडकलेला कंदील काठीने ओढू नये, त्यावर पाणीही मारू नये. वीज कंपनीला कळवावं आणि मुलांना तिथून लांब ठेवावं.