खणण्याआधीचं काम

आमच्या शहाडवरून जाणारे रूळ कसाऱ्याचा घाट चढतात, भुसावळ, खंडवा करत इटारसी ओलांडतात आणि भोपाळला पोचतात. याच वाटेच्या शेवटच्या टप्प्यात १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर आगगाडीने चालले होते. मराठी घरातला हा चित्रकार-संशोधक उज्जैनचा. जवळची माणसं त्यांना हरिभाऊ म्हणत. खिडकीतून त्यांना लांबच्या टेकडीवर मोठमोठे खडक दिसले. पुढे ते तिथे पोचले. ते खडक म्हणजे भीमबेटका, आदिमानवाच्या चित्रांचे शैलाश्रय. २००३ साली या स्थळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

श्रोतेहो, ही गोष्ट आपण बहुधा इथेच संपवतो. मी कवी माणूस, पुरातत्त्व हा काही माझा प्रांत नव्हे. पण सुचणं हा कामाचा लहानसा भाग असतो, खरी मेहनत त्यानंतरची, एवढं कवीलाही ठाऊक असतं. रानातल्या शोधाचंही तसंच आहे. दिसलं एकाला, तरी त्याची नोंद करायला पथक लागतं आणि पथकाला प्रमुख लागतो. हा प्रमुख नेमकं काय करतो, ते आज पाहू.

पहिला प्रश्न जमिनीचा. पुरातन अवशेष शेतात असले तर शेतकऱ्याला विचारायचं. रानात कुणाला विचारायचं? भीमबेटक्याभोवती रातापानीचं जंगल आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प जाहीर झालं. आपल्याजवळची कान्हेरी लेणी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आणि भोवतालचं रान वन विभागाच्या. तेव्हा राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायचं तर १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वन विभागाची परवानगी हवी, आणि उत्खनन करायचं तर पुरातत्त्व सर्वेक्षणाचा वेगळा परवाना हवा. पथकप्रमुखाचे महिनेच्या महिने या कागदांत जातात. हा वेळ वाया गेला असं वाटतं खरं. पण सरकारी जमीन म्हणजे कुणाचीच नव्हे, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती सगळ्यांची आहे, हे मानलं की विचारून आत जाणं ओघानंच येतं.

दुसरा प्रश्न वेळेचा. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं असतं, जमीन दिसतच नाही. पानगळ झाली की खडकाचे कातळ उघडे पडतात, उतार दिसू लागतात. पण पुढे ऊन तापतं, पाणी आटतं, वणव्याची भीती असते. कामाचे दिवस मधले तेवढेच. पथक ठरावीक अंतर ठेवून ओळीत चालतं, नजर जमिनीवर. खापराचा तुकडा, गारगोटीचा छिलका, छिन्नीचा घाव दिसला की थांबायचं. उचलायचं नाही. आधी जागा जीपीएसवर नोंदवायची, मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यायचं, वहीत लिहायचं. कारण वस्तू कुठे होती, कशाशेजारी होती, हीच तिची अर्धी गोष्ट. जागेवरून उचललेलं खापर हे ओळीतून तोडलेल्या शब्दासारखं. शब्द हाती राहतो, अर्थ निघून जातो.

प्रमुखाला माणसंही सांभाळावी लागतात. बोरिवलीच्या रानात बिबटे आहेत, म्हणून कुणी एकट्यानं मागे राहायचं नाही, अंधाराआधी परतायचं. कड्यांना आग्या मोहोळं असतात. तिथे आरडाओरड नाही, धूर नाही. या मोहोळांनी तर शास्त्रज्ञांनाही चकवलं आहे. भीमबेटक्याच्या एका गुहेच्या छतावर सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा ठसा सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. जगभर बातमी झाली. २०२३ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी जाऊन पाहिलं, तर तो आग्या मोहोळाचा उरलेला डाग निघाला! पुन्हा जाऊन पाहता येतं ते नोंद आणि जागा दोन्ही शाबूत असल्यामुळे.

कान्हेरीच्या रानात २०१६ मध्ये सूरज पंडित यांच्या नेतृत्वाखालच्या पथकानं सात लहान लेणी नोंदवली. शतकाहून अधिक लेणी असलेल्या, दीडशे-दोनशे वर्षं अभ्यासकांचे पाय लागलेल्या आणि मुंबईच्या ऐन मध्यावर असलेल्या या डोंगरात अजून सात राहिली होती! कान्हेरीत लेण्यालेण्याला पाण्याचं टाकं दिसतं. तिथल्या शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलं आहे. या सातांजवळ टाकं नव्हतं. मग इथे भिक्षू फक्त पावसाळ्यात राहत होते का? की ही लेणी टाकी खोदण्याच्या आधीची? जे नाही, त्याचीही नोंद केल्यानं असे प्रश्न उभे राहतात.

आपण जे शोधायला आलो तेवढंच पाहायचं, हा मोह मोठा. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवीत कोरलेले लेख आहेत. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी पाहुण्यांनी आपली नावं तिथे लिहून ठेवली. बौद्ध लेण्यात हे कशाला, म्हणून ते कुणी डावललं असतं तर? या किनाऱ्यावर कोण आलं, कोण कुणाच्या देवघरी पाहुणं गेलं, याचा एक पक्का पुरावा आपण गमावला असता. रानात वीरगळ भेटेल, पडकं देऊळ भेटेल, एखादी कबर भेटेल. प्रमुखानं सगळ्यांची नोंद सारख्याच अक्षरात केली पाहिजे.

आणखी एक. भीमबेटक्याचा उल्लेख १८८८ सालीच एका इंग्रज अधिकाऱ्यानं केला होता, तोही स्थानिक आदिवासींनी सांगितलेल्या माहितीवरून. म्हणजे रानातल्या माणसांना जागा ठाऊक होतीच. वाट दाखवणाऱ्याचं नाव अहवालात यावं, त्याच्या देवाच्या दगडाला विचारल्याशिवाय हात लागू नये. तो विश्वास तुटला तर पुढच्या पथकाला कुणी वाट दाखवणार नाही.

रानातल्या जुन्या जागांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे गुप्तधनाची हाव. एका रात्रीत पहारीनं उकरलेला खड्डा कुठलाही विद्वान पुन्हा भरू शकत नाही. कायदाही स्पष्ट आहे : जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८च्या निखात निधी कायद्यानं बंधनकारक आहे.

आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिराचा काळ, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६०, आपल्याला कळतो तो शिलालेखामुळे. ते अक्षर उरलं म्हणून तारीख उरली. तेव्हा सुट्टीच्या दिवशी मलंगगडाच्या रांगेत किंवा बारवीच्या रानात तुम्हाला कोरलेला दगड, खापरांचा ढीग दिसला, तर उचलू नका, चुन्यानं रंगवू नका, ठिकाण सगळीकडे जाहीर करू नका. छायाचित्र घ्या, जागा लिहून ठेवा आणि जवळच्या वन कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. एवढं केलंत, तरी पथकाचं निम्मं काम तुम्ही केलेलं असेल.