घटले ते निदान, आजार नव्हे

महासाथीच्या पहिल्या काही महिन्यांत देशातील रुग्णालयांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचे रुग्ण एकाएकी कमी झाले. मार्च ते जून २०२० या काळात १८७ रुग्णालयांत दाखल झालेल्या अशा रुग्णांची संख्या आदल्या वर्षीच्या तुलनेत ३५.४ टक्क्यांनी घटल्याचे ‘कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया’च्या पाहणीत दिसले. हवा स्वच्छ झाली, धावपळ थांबली, म्हणून झटके कमी झाले, असे स्पष्टीकरण तेव्हा ऐकू येई. मला ते पटत नाही. ही संख्या आजाराची नाही. रुग्णालयाच्या दारापर्यंत कोण पोहोचू शकले, याची ती मोजदाद आहे.

हा फरक लखनौच्या पूर्व टोकाला, फैजाबाद रस्त्यावरील चिनहटमध्ये मला नीट उमगला. १८५७ च्या लढाईसाठी आणि रंगीत झिलईच्या मातीच्या भांड्यांसाठी ओळखले जाणारे हे गाव आता महानगराचाच भाग झाले आहे. येथे सामुदायिक आरोग्य केंद्र आहे, लोहिया आयुर्विज्ञान संस्था शेजारच्या गोमतीनगरात आहे, आणि किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचे लारी हृदयरोग केंद्रही याच शहरात आहे. देशातील बहुसंख्य तालुक्यांना हेवा वाटावा, अशी ही स्थिती. तरीही टाळेबंदीत रिक्षा थांबल्या, नियमित बाह्यरुग्ण तपासणी ठप्प झाली आणि रुग्णालय या शब्दाचीच धास्ती बसली, तेव्हा हे सान्निध्य कामी आले नाही. येथील एका वयस्क कारागिराने मला सांगितले, की त्या मे महिन्यात रात्रभर छातीत दुखत असता त्यांनी आम्लपित्ताची गोळी घेऊन वेळ निभावली. दोन वर्षांनी जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा हृदय दुर्बळ झाल्याचे निदान झाले.

यात वैद्यकशास्त्राला अनोळखी असे काही नाही. झटक्यानंतर पहिल्या काही तासांत रक्ताची गुठळी विरघळवली किंवा रोहिणी मोकळी केली, तर हृदयाचा स्नायू वाचतो. एरवी तेथे व्रण उरतो आणि हृदयाची पंप करण्याची शक्ती घटते. म्हणजे २०२० मध्ये न नोंदलेला झटका २०२२ मध्ये हृदय निकामी होण्याच्या नावाने नोंदला जातो. पहिल्या वर्षीची घट आणि नंतरची वाढ या दोन स्वतंत्र घटना नव्हेत. पुष्कळदा तो एकाच रुग्णाचा प्रवास असतो.

त्यात विषाणूने स्वतःची भर घातली. अमेरिकेतील सुमारे दीड लाख कोविडग्रस्त माजी सैनिकांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. संसर्गानंतरच्या वर्षभरात त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार दर हजारी ४५ ने अधिक आढळले. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटातील आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास २०२३ मध्ये मांडला. कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांत हा धोका अधिक, तर लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांत कमी असल्याचे त्यात दिसले. समाजमाध्यमांवरील लसविरोधी कुजबुजीला हे पुरेसे उत्तर आहे.

मग नव्या रुग्णांतील वाढीत विषाणूचा वाटा किती आणि राहून गेलेल्या निदानाचा किती? भारताला हे सांगता येत नाही, आणि खरी चिंता तीच आहे. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्क्यांचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले होते. उरलेल्यांत किती जण हृदयविकाराने गेले, हे कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही.

एप्रिल २०२० मध्ये केंद्राने एक शहाणपणाची सूचना केली होती. रक्तदाब व मधुमेहाच्या ज्ञात रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधे ‘आशा’ कार्यकर्तीमार्फत द्यावीत, असे त्यात म्हटले होते. पण ‘ज्ञात’ या एका शब्दाने ज्याचा रक्तदाब कधी मोजलाच गेला नव्हता, तो यादीबाहेर राहिला. ब्रिटनमध्ये मार्च २०२० नंतरच्या सुमारे दीड वर्षात अपेक्षेपेक्षा तब्बल ४ लाख ९१ हजार कमी लोकांची रक्तदाबाची औषधे सुरू झाली, हे तेथील औषधवाटपाच्या नोंदींवरून समजले. आपल्याकडे अशी सलग नोंद नसल्याने राहून गेलेल्यांचा शोध कोठून सुरू करावा, हेच ठरत नाही.

केंद्राने मे २०२३ मध्ये रक्तदाब आणि मधुमेहाच्या ७.५ कोटी रुग्णांना २०२५ पर्यंत प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे लक्ष्य जाहीर केले. ते स्तुत्यच, मात्र त्यात महासाथीच्या वर्षांत निसटलेल्यांचा वेगळा शोध हवा. तिशीपुढील प्रत्येकाचा रक्तदाब घरोघरी मोजला जावा आणि कोविड होऊन गेल्याची नोंद त्याच कागदावर असावी. तमिळनाडूने २०२३ मध्ये झटक्यावरील प्राथमिक औषधांची मात्रा प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेली; इतर राज्यांना त्यात अशक्य असे काही नाही. आणि पुढची साथ येईल तेव्हा हृदयालेख काढण्याची सोय व तातडीची तपासणी बंद न ठेवण्याचा नियम आजच लिहून ठेवायला हवा. साथीच्या काळात रुग्णालयातील एखाद्या आजाराचा आकडा घटला, तर प्रशासनाने सुटकेचा निःश्वास टाकू नये. रुग्ण कोठे अडकले आहेत, याचा शोध त्याच दिवशी सुरू करावा.