झाकणाखालचा विस्तव

शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या पत्र्याच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ कामाला होते. बारा मुलांचे वडील, आणि मांस भाजून खाण्या-खिलवण्याचे भारी शौकीन. घरामागे त्यांची विटांची उघडी शेगडी होती. पण वारा सुटला की राख मांसावर, धूर डोळ्यांत आणि जाळ भलतीकडेच. कारखान्यात पाण्यावर तरंगणारे लोखंडी बोये बनत. 1952 साली स्टीफन यांनी असाच एक पोकळ गोल मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले, आत जाळी बसवली आणि वरचा अर्धा झाकण म्हणून ठेवला. पहिल्या खेपेला झाकण पडताच विस्तव गुदमरला, मग शेजाऱ्याच्या सांगण्यावरून भोकं पाडली, असं सांगतात. वेबरची जगभर गेलेली केटल ग्रिल ती हीच.

बोयापासून झालेली ही शेगडी पुढे बोटीवर गेली यात नवल नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यावर किंवा कॅरिबियन बेटांत नांगरलेल्या शिडाच्या बोटी पाहा. कित्येकींच्या मागच्या कठड्यावर, पाण्याच्या बाजूला, चकचकीत स्टीलचा गोळा नाहीतर चपटी पेटी लटकलेली दिसेल. कॅलिफोर्नियाच्या मॅग्मा कंपनीची केटल यांत सर्वांत ओळखीची. कॅनडातल्या डिकिन्सनच्या पेटीवजा ग्रिललाही मानणारे बरेच आहेत. शिडं सोडली तर वाऱ्याच्या इतक्या धाकात घडलेली वस्तू बोटीवर क्वचितच असेल.

बोटीवर विस्तव ठेवणं ही गोष्ट दर्यावर्दींनी कधीच हलकी मानली नाही. 1628 साली पहिल्याच सफरीत बुडालेल्या स्वीडनच्या ‘वासा’ जहाजाचा भटारखाना विटांचा होता आणि तो खोल तळाशी होता. तिथून धूर वर यायला नीट धुराडंही नव्हतं. ब्रिटिश सेनानी नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ या युद्धनौकेवर लोखंडी चूल होती, पण लढाईची तयारी सुरू झाली की पहिल्यांदा ती विझवत. लाकूड, डांबर, दोर आणि दारू यांच्या शेजारी निखारे नकोत, हे उघड आहे. आजच्या फायबरच्या बोटीत डांबर नसतं, पण शिडाचं पॉलिस्टर साधारण 260 अंश सेल्सियसला वितळतं आणि पेटलेल्या कोळशाचं तापमान याच्या दुपटीहून जास्त असतं. एक ठिणगी उडाली तर शिडाला भोक नक्की.

आत, केबिनमध्ये, शिडाच्या बोटीचा स्टोव्ह झुलत्या चौकटीवर असतो. बोट कलली तरी भांडं सरळ राहतं. कठड्यावरची ग्रिल झुलत नाही, तिथं वाराही थेट लागतो. म्हणून भाजणं हे नांगर टाकल्यावरचं काम. शिडं उभारलेली असताना ग्रिल पेटवणाऱ्याला शौकीन म्हणायचं की आणखी काही, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

वाऱ्याचा हिशेब समजून घेतला की निम्मी निवड आपोआप होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. 10 नॉटच्या वाऱ्याचा दाब सुमारे 16 पास्कल, 20 नॉटचा सुमारे 65. शीड फुगवायला हे पुरतं, आणि ज्योत विझवायलाही. गॅसच्या बर्नरमध्ये गॅसची बारीक धार आपल्याबरोबर हवा ओढून घेते. ती ओढ फार नाजूक असते. खालच्या भोकातून झोत घुसला किंवा वरच्या फटीतून उलटा आला की मिश्रण बिघडतं, ज्योत बर्नरवरून उचलली जाते आणि विझते. कोळशाचं उलटं आहे. वारा त्याला विझवत नाही, फुलवतो. अर्ध्या तासाचा कोळसा भराभर जळून जातो, आणि तोवर माशाची एक बाजू करपलेली, दुसरी कच्ची. दोन्ही प्रकारांत तिसरं नुकसान सारखंच. पातळ पत्र्याच्या झाकणावरून वारा उष्णता सतत पळवत राहतो.

दुकानदार बीटीयू सांगतो, म्हणजे तासाला किती उष्णता. दहा हजार बीटीयू म्हणजे सुमारे तीन किलोवॅट. हा आकडा खोटा नसतो, पण बंद खोलीतला असतो. वाऱ्यात उभं राहून विचारायचे प्रश्न वेगळे. झाकण कडेला घट्ट बसतं का? ते दुहेरी पत्र्याचं आहे का? बर्नरभोवती आडोसा आहे का? हवेची भोकं वाऱ्याच्या तोंडावर येतात की तळाशी, कडेच्या आड? झाकण उघडल्यावर ते वाऱ्याला पाठ देऊन उभं राहतं, की झोत सरळ आत घेतं? जास्त बीटीयूची पण गळक्या झाकणाची ग्रिल मंद पण नीट मिटणाऱ्या ग्रिलपुढे हरते, हे माझं मत. आणि रायगडात थंडीत पोपटी लावणाऱ्याला ते पटायला हरकत नाही. वालाच्या शेंगा शिजतात त्या भांबुर्ड्याच्या पाल्यानं तोंड बुजवलेल्या मडक्यात कोंडलेल्या उष्णतेनं.

मग धातू. खाऱ्या हवेत साधं लोखंड काही महिन्यांत गंजतं. बोटीवर स्टेनलेस हवं, पण स्टेनलेसही एक नसतं. 304 जातीच्या स्टीलवर समुद्रात चहाच्या रंगाचे डाग धरतात. 316 मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते मिठापुढे जास्त टिकतं. आरशासारखा घासलेला पत्रा खरखरीत पत्र्यापेक्षा कमी गंजतो, कारण मीठ धरून बसायला खाचा कमी. लखलखाट केवळ दिखाव्यासाठी नसतो तो असा. बिजागरी आणि स्क्रू मात्र आधी तपासावेत; हलक्या ग्रिलचं मरण बहुधा तिथून सुरू होतं.

ग्रिल बोटीच्या पाठीमागे का, याचं उत्तर नांगरात आहे. नांगर नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, टाकतात, म्हणून बोट वाऱ्याकडे तोंड करून राहते. वारा नाळेवरून येतो आणि मागून निघून जातो. धूर, ठिणगी, चरबीचे शिंतोडे सगळं बोटीपासून दूर. केबिन आणि कॉकपिटचा थोडा आडोसाही मिळतो. कठड्याबाहेर टांगण्याचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो. बोटीत गळला तर तो तळाशी साठून राहतो आणि तिथल्या एखाद्या बटणाच्या ठिणगीची वाट पाहतो. बाहेर गळला तर पाण्यावर पडून वाऱ्यानं जातो.

पण पाणीही आपली चाल चालतं. खाडीत भरती-ओहोटीचा ओढा जोराचा असेल तर बोट वाऱ्याचं न ऐकता ओढ्याकडे तोंड करते आणि वारा मागून येतो. तेव्हा धूर सरळ कॉकपिटमध्ये. धक्क्याला बांधलेल्या बोटीचं तर काहीच सांगता येत नाही, वारा कुठूनही. म्हणून पेटवण्यापूर्वी झेंड्याकडे पाहून पाच मिनिटं थांबणं उत्तम. कठड्याच्या दोन कोपऱ्यांत दोन बैठका बसवून घेतल्या तर ग्रिल आडोशाच्या बाजूला हलवता येते. अशा बैठका सहसा 22 किंवा 25 मिलिमीटरच्या नळीसाठी मिळतात, हे आधी मोजलेलं बरं. मागे दोरीनं बांधलेली रबरी होडी बाजूला ओढून घ्यायची, नाहीतर निखारा पडेल तो तिच्यातच. डोक्यावरचं कापडी छत उडतं असेल तर तेही गुंडाळायचं.

गॅस पेटवताना झाकण उघडं. हा नियम वाऱ्यात मोडावासा वाटतो, कारण काडी टिकत नाही. पण बंद झाकणाखाली साठलेला गॅस एका ठिणगीत झाकण उडवतो. लांब नळीचा लायटर वापरावा, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं आणि ज्योत धरली की झाकण लावावं. मग दहा मिनिटं त्याला हात लावायचा नाही. ज्योत अधूनमधून विझते, आणि दिवसाच्या उजेडात ते दिसत नाही. सिस् आवाज येतोय पण आच लागत नाही असं झालं तर नळ बंद, झाकण उघडं, आणि गॅस विरेपर्यंत थांबायचं. सोय असेल तर ज्योत विझताच गॅस आपोआप तोडणारी झडप असलेलीच ग्रिल घ्यावी. त्यासाठी दोन पैसे जास्त द्यावेत.

अमेरिकेत ग्रिलच्या गॅससाठी हिरव्या रंगाची छोटी बाटली वापरतात. तिच्यात 465 ग्रॅम प्रोपेन मावतो. पूर्ण आचेवर तो दोनेक तास पुरतो. बोटीवरच्या मोठ्या टाकीला जोडायचं असेल तर दाबाचा फरक लक्षात घ्यावा लागतो: टाकीची नळी कमी दाबाची, बाटलीवरची झडप जास्त दाबाची, त्यामुळे बर्नरचा तोटी-भाग बदलावा लागतो. तो न बदलता जोडलेली ग्रिल धुगधुगत राहते आणि दोष बिचाऱ्या वाऱ्याला जातो.

कोळशाची चव वेगळी, हे मान्य. पण अनेक मरिनांमध्ये त्याला मनाई आहे, आणि ती वाजवी आहे; दोन फुटांवर शेजारची बोट असते. कोळसाच हवा तर दक्षिण आफ्रिकेची कॉब बघावी. मक्याच्या कणसांच्या जळणावरून तिला नाव मिळालं. थोडेसे कोळसे मधल्या टोपलीत, वर घुमट झाकण, आणि बाहेरची बैठक हात लावता येईल इतकी थंड. वाऱ्यात ती मोठ्या शेगड्यांपेक्षा शांतपणे जळते. मात्र विझत आलेले निखारे ‘आत उबेला’ नेऊ नयेत. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि बंद केबिनमध्ये तो माणसाला झोपेतच मारतो.

काय भाजावं, हेही वारा ठरवतो. जाळी लहान, पंधरा-सतरा इंचांची. तीत पाहुण्यांची पंगत बसत नाही. पातळ बोंबील जाळीतून गळतो. सुरमईचे बोटभर जाडीचे तुकडे टिकतात. तेल आणि मसाला जास्त लावला की थेंब पडून जाळ उसळतो, आणि वाऱ्यात उसळलेला जाळ आडवा येतो. मीठ, हळद, लिंबू, वरून थोडं तेल; बाकीचा मसाला भाजून झाल्यावर. झाकणावरच्या तापमापकावर फार विसंबू नये, तो वाऱ्याकडच्या थंड पत्र्याला चिकटलेला असतो. आडोशाच्या बाजूचा तुकडा आधी होतो, तेव्हा जागा बदलत राहायचं. दर वेळी झाकण उघडलं की कोंडलेली उष्णता जाते, म्हणून एकदा उलटायचं, एकदा उतरवायचं, बस्स.

हिवाळ्यात कॅरिबियनमध्ये 15 ते 20 नॉटचा व्यापारी वारा दिवसचे दिवस वाहतो, तरी तिथले लोक रोज भाजतात, कारण बेटाच्या आडोशाला नांगर टाकतात. त्यापलीकडे, 25 नॉटच्या पुढे, ग्रिल बैठकीतून काढून आवरण घालून ठेवावी आणि आतल्या स्टोव्हवर खिचडी टाकावी. सुरमई तव्यावरही होते.