दोन वर्षांची तयारी, दोन दिवसांची झेप

१३ एप्रिल २०१९, शनिवार. अमेरिकेतील बफेलो येथे महाविद्यालयीन आइस हॉकीच्या अंतिम सामन्यात मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा संघ ०-३ असा पराभूत झाला. त्या संघाचा वीस वर्षांचा बचावपटू केल मकार याला आदल्याच दिवशी वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा ‘होबी बेकर’ पुरस्कार लाभला होता. सन्मान आणि पराभव पाठोपाठ आले.

खंत करण्यास मात्र अवधी नव्हता. रविवारी कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच संघाशी करार झाला आणि सोमवारी तो डेन्व्हरच्या बर्फावर व्यावसायिक खेळाडू म्हणून उतरला. सामना स्टॅनली चषकाच्या बाद फेरीचा होता आणि समोर त्याच्याच जन्मगावाचा, कॅनडातील कॅल्गरीचा, संघ होता.

बचावपटूचे पहिले कर्तव्य प्रतिस्पर्ध्याला रोखण्याचे. मकारने मात्र पहिल्याच सत्रात पुढे सरसावून गोल नोंदविला. कोलोरॅडोने तो सामना ६-२ असा आणि पुढे मालिकाही ४-१ अशी जिंकली.

ही झेप दोन दिवसांची दिसते. तिची तयारी दोन वर्षांची होती. २०१७ मध्ये कोलोरॅडोने त्याला खेळाडू-निवडीत चौथ्या क्रमांकावर घेतले होते. तरीही घाई न करता तो दोन हंगाम विद्यापीठाकडूनच खेळला. २०२२ मध्ये कोलोरॅडोने स्टॅनली चषक जिंकला, तेव्हा बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मकारलाच मिळाला. संधी अवचित आली. ती पेलण्याचे बळ त्याने आधीच साठवले होते.