तापलेल्या पायरीवरचा फोन

अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी काशीत बांधलेल्या घाटावर वैशाखातल्या दुपारी अनवाणी उतरून बघा, पायरी पाय टेकू देत नाही. तिथंच उभं राहून भाच्यानं दहा मिनिटं गंगेचा व्हिडिओ काढला आणि फोन अडखळायला लागला. "मामा, रूट करून ओव्हरक्लॉक करतो, मग बघ कसा पळतो!"

फोन कमजोर म्हणून अडखळतो, हा पहिला गैरसमज. चिप तापली की फोन स्वतःच तिचा वेग उतरवतो. बहुतेक फोनांना पंखा नसतो. आतली उष्णता काचेतून आणि पाठीतूनच बाहेर पडायची. बाहेरच बेचाळीस अंश असतील तर ती जाणार कुठे? आयफोन वापरताना भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश असावं, असं ॲपल सांगते. काशीच्या मे महिन्याला ते कोण सांगणार!

रूट करणं म्हणजे फोनच्या यंत्रणेचा पूर्ण ताबा मिळवणं, आणि ओव्हरक्लॉकिंग म्हणजे चिप ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवणं. तापलेल्या फोनसाठी ते आगीत तेल. चिपला लागणारी वीज ढोबळमानानं वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग या हिशेबानं वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि तो झेपावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के, तर वीज ३३ टक्क्यांनी वाढली. काम फार तर १० टक्के जास्त, उष्णता ३३ टक्के. मग फोन आणखी लवकर वेग उतरवणार.

"पण लोक करायचे की!" करायचे, आणि फायदाही व्हायचा. २००८च्या एचटीसी ड्रीममधली चिप ५२८ मेगाहर्ट्झची होती, सुरुवातीला ती ३८४ वरच चालवली जाई. एवढी जागा आता कुणी शिल्लक ठेवत नाही. २०२३च्या गॅलक्सी एस२३ मध्ये कंपनीनंच स्नॅपड्रॅगन चिपचा वेग ३.२ वरून ३.३६ गिगाहर्ट्झवर नेला. म्हणजे जेमतेम ५ टक्के.

रूट न करता ओव्हरक्लॉक करून देतो म्हणणाऱ्या ॲपचा चिपचा वेग ठरवणाऱ्या कळीपर्यंत हातच पोचत नाही. जुना फोन मंदावला तर आधी बॅटरीकडे बघा. थकलेल्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून काही आयफोनांचा वेग आपण कमी करतो, हे ॲपलनं डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं होतं. आणि संध्याकाळी शेजारच्या दशाश्वमेध घाटावर आरतीच्या वेळी व्हिडिओ जात नाही, त्यात प्रोसेसरचा काडीचा दोष नाही. हजारो माणसं एकाच वेळी तेच करत असतात, टॉवर तुंबतो.

रूट करायला सहसा आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप, उघडावं लागतं. तसं करताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, आणि नंतर बँकेची, यूपीआयची ॲप चालतीलच असं नाही. हे ऐकून भाचा गप्प झाला. त्यानं कव्हर काढलं, ब्राइटनेस उतरवला, फोन छत्रीच्या सावलीत धरला. गार पाण्याच्या बाटलीला टेकवू लागला, तेवढं मी थांबवलं; आत दव धरलं तर नवीनच दुखणं. पंधरा मिनिटांनी त्याच फोनवरून त्यानं नाववाल्याचे पैसे दिले.