गोणीतला युरिया चाऱ्याच्या पोटात जातो का?

दुधाचा पगार हा आपल्या नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा आधार आहे. गाईची वैरण मात्र बहुतेक बाईच्याच अंगावर. म्हणून आज चाऱ्याला टाकल्या जाणाऱ्या युरियाबद्दल बोलू.

युरियात ४६ टक्के नत्र असतं. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत साधारण २१ किलो. हे सगळं गवत खातं का? नाही. युरिया वर उघडा पडला की काही नत्र अमोनिया होऊन उडतं. नाकाला झोंबतो तोच हा वायू. काही पाण्याबरोबर खाली झिरपून विहिरीपर्यंत जातं. आणि जमीन पाण्याने चिंब झाली, मातीत हवा उरली नाही, की मातीतले जिवाणू उरलेल्या नत्राचा नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू करतात.

हा वायू हवेत शंभरेक वर्षं टिकतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर किलोला किलो तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. टाकलेल्या नत्रातलं सरासरी १ टक्का नत्र असं उडतं, असं जगभर हिशेबाला धरतात. त्या हिशेबाने एका गोणीमागे सव्वातीनशे ग्रॅम वायू होतो. ऐकायला किरकोळ, पण तेवढ्याने होणारी तापवणूक ३३ लिटर डिझेल जाळल्याइतकी! जमीन कोरडी असेल तर कमी, चिंब असेल तर जास्त.

गाईच्या ढेकरातून मिथेन निघतो, तो वेगळा. तो आपल्याला पूर्ण थांबवता येत नाही. युरियाची मूठ मात्र आपल्या हातात आहे.

मग करायचं काय? पहिलं, लसूण घासाला युरियाचा मारा करू नका. घास द्विदल आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात. आयतं नत्र मिळालं की या गाठींचं काम मंदावतं आणि गोणीचे पैसे वाया जातात.

दुसरं, नेपियर, मका, कडवळ यांना नत्र लागतंच. पण ते एकदम न देता थोडं थोडं द्या. नेपियरला कापणीनंतर नवे फुटवे येताना, वाफशावर द्या, मातीआड करा आणि हलकं पाणी द्या. मोठा पाऊस येणार असेल तर थांबा.

तिसरं, शेण आणि मूत्रातही नत्रच असतं. उकिरडा पावसात भिजला की तेही वाहून जातं, उडतं. गोठ्यातलं मूत्र पाचटावर, काडीकचऱ्यावर शोषून घ्या, खड्ड्यावर सावली करा. चांगलं कुजलेलं शेणखत शेतात पडलं की तेवढा युरिया कमी करता येतो.

यात जनावराच्या जिवाचाही प्रश्न आहे. युरिया जास्त झालेल्या, त्यात पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या मक्यात किंवा कडवळात नायट्रेट साठतं. असा चारा पोटभर खाल्ला तर गाय धापा टाकते, लडखडते, रक्त तपकिरी पडतं, कधी दगावतेही. म्हणून युरिया टाकल्यावर लगेच चारा कापू नका. अशी लक्षणं दिसली तर घरगुती उपायात वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवा.

आणि डोंगरावरचं गवत? हिवरे बाजारने चराईबंदी केली, पाणी अडवलं, गवत कापून न्यायची पद्धत ठेवली. तिथलं गवत परत आलं ते माती आणि ओल राखल्यामुळे, गोणीमुळे नव्हे. गायरानाला आधी विसावा लागतो.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एवढंच सांगावं: आपल्या घरी चाऱ्याला वर्षाला युरियाच्या किती गोण्या लागतात? आकडे वहीत लिहा. मग सगळ्या मिळून माती तपासून घेऊ. बाभळेश्वर किंवा दहिगाव-ने इथल्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करता येईल. अहवाल आला की कोणती गोणी गरजेची आणि कोणती सवयीची, ते आपलं आपल्यालाच कळेल.