ब्रिटानियाचा पुलाव

मुंबईतील इराणी हॉटेलांवर काही लिहावे अशी संपादकांची इच्छा होती, आणि तिच्यामागे ती हॉटेले एकामागून एक बंद पडत असल्याची नेहमीची हळहळ होती. त्या हळहळीला धोबी तलावावरचे 1904 सालचे कयानी किंवा ग्रँट रोडवरचे 1914 सालचे मेरवान यांपैकी कोणतेही चालले असते. परंतु माझे पाय वळले ते बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानियाकडे, आणि तेथेही जुन्या खुर्च्या व उडालेला रंग यांपेक्षा एका पदार्थानेच मला अधिक काळ गुंतवून ठेवले.

इतिहास थोडक्यात सांगतो. इराणातील यझ्द व केरमान या मुलखांतील झरथुष्ट्री लोक पिढ्यान्‌पिढ्या दारिद्र्यात आणि अवहेलनेत दिवस काढीत होते. मुंबईच्या पारशांच्या वतीने माणेकजी लिमजी हातरिया यांनी शहाच्या दरबारी केलेल्या दीर्घ खटपटीला यश येऊन 1882 साली या झरथुष्ट्रींवरील जिझिया कर रद्द झाला खरा, तथापि शाही फर्मानाने पोटाची सोय लागत नसल्यामुळे ही माणसे त्यानंतरही अनेक दशके मुंबईची वाट धरीत राहिली. कोहिनूर कुटुंब त्यांपैकीच. रशीद कोहिनूर यांनी 1923 साली गोऱ्या साहेबांच्या कचेऱ्यांनी गजबजलेल्या बॅलार्ड इस्टेटीत हॉटेल उघडले, आणि परवाना लवकर पदरात पडावा म्हणून त्याला साम्राज्याचे नाव दिले, असे त्यांचे चिरंजीव बोमन सांगत. साहेबाच्या जिभेला मानवेल असे सौम्य अन्न तेथे शिजे. दुसऱ्या महायुद्धात जागा लष्कराने ताब्यात घेतली, पुढे ती परत मिळाली, आणि साहेब गेल्यावर स्वयंपाकघरात मसाला शिरला.

बोमन कोहिनूर हे मुंबईने ओळखलेले व्यक्तिमत्त्व. नव्वदी उलटल्यावरही ते टेबलांमधून फिरत, गिऱ्हाइकाने काय मागवावे हे बरेचदा स्वतःच ठरवीत आणि इंग्लंडच्या राणीवरील आपली निष्ठा, कोणी विचारो न विचारो, मोठ्या उमाळ्याने सांगत. 2016 साली राजपुत्र विल्यम व केट मुंबईस आले असता त्यांची भेट घडली, तेव्हा या भाबड्या राजभक्तीचे सार्थक झाले. 2019 साली, वयाच्या 97 व्या वर्षी, ते निवर्तले. वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर मनापासून लिहिले. मात्र त्या कौतुकात ज्या व्यक्तीने या हॉटेलाला खरी कीर्ती मिळवून दिली तिचा उल्लेख ओझरताच आला.

ती व्यक्ती म्हणजे बोमन यांच्या पत्नी. त्या काही काळ इराणात नोकरीस होत्या. तेथील झरिश्क घातलेला भात त्यांनी पाहिला, चाखला, आणि 1980 च्या दशकात तो ब्रिटानियाच्या चुलीवर आणला. झरिश्क म्हणजे आपल्याकडील दारुहळदीच्या जातकुळीतील एका काटेरी झुडपाची बारीक, लालभडक, कडक आंबट फळे. ती मुख्यतः दक्षिण खोरासानात पिकतात आणि सुकवून ठेवतात. या फळाचा स्वभाव मोठा हट्टी आहे. धुऊन भिजवल्याशिवाय त्याची कचकच जात नाही, साखरेवाचून आंबटपणा आवरत नाही, आणि तुपात परतताना आच जरा चढली की लाल रंग जाऊन ते काळे व कडू होते. इराणात हा भात केशर आणि कोंबडीबरोबर खातात. ब्रिटानियात त्याखाली मसालेदार मटण आले, वर तळलेला कांदा व काजू आले, आणि यझ्दच्या माणसाला जेवढा परका तेवढाच ओळखीचा वाटावा असा एक मुंबईकर बेरी पुलाव जन्मास आला. आजोबांच्या हॉटेलाचा वारसा म्हणून आपण ज्याची चव घेतो तो पदार्थ आजोबांनी हॉटेल उघडले तेव्हाचा नव्हे, त्यांच्या सुनेने इराण गाठून आणलेला आहे, ही गोष्ट मला कोणत्याही राजभेटीहून मोठी वाटते.

आता अडचणी. फळ इराणचे, आणि त्या देशावर निर्बंध लादले गेले की पैसे पाठविण्यापासून माल उतरविण्यापर्यंत सारेच अवघड होऊन बसते. जेवायला येणारी गिऱ्हाइके कचेऱ्यांची; त्या कचेऱ्या आधी नरिमन पॉइंटला आणि मग वांद्रे-कुर्ला संकुलात हलल्या. हॉटेल चालायचे ते दुपारच्या जेवणापुरतेच, त्यामुळे एक ओस दुपार म्हणजे पुरा दिवस बुडाला. परंतु सर्वांत बिकट प्रश्न गल्ल्यावर पुढे कोण बसणार हा आहे. इराण्यांची मुले शिकली, वकील-डॉक्टर झाली, परदेशी गेली. पहाटेपासून भट्टीजवळ उभे राहण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी करावी, आणि का करावी? बापाने जे निर्वाहासाठी पत्करले ते लेकाने आमच्या स्मरणरंजनासाठी चालवावे, ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही. बॅलार्ड इस्टेटीच्या इमारतींना वारसा म्हणून संरक्षण आहे. त्यांत राबणाऱ्या घराण्यांसाठी तशी तजवीज कोणत्याही कायद्यात नाही, आणि असूही शकत नाही.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती आहे की उद्या ब्रिटानियाच्या वारसांनी बाहेरचा आचारी ठेवला, फळ कमी पडले म्हणून पुलावात काही बदल केला, किंवा बोमनजींच्या नातवंडांनी एखादा अगदीच नवा पदार्थ पुढे आणला, तर जुनी चव राहिली नाही म्हणून नाक मुरडू नये; पुलाव मागवावा, त्याचे पैसे द्यावेत, आणि नवा पदार्थही एकदा खाऊन पाहावा.